शेतकचऱ्यापासून ऊर्जा

शेतकचऱ्यापासून ऊर्जा : काढणी, मळणी आणि गोठे यांतून निघणाऱ्या टाकाऊ जैव पदार्थांपासून उष्णता, ज्वलनशील वायू किंवा वीज मिळविण्याची पद्धत. कोणता कचरा कसा वापरायचा, हे मुख्यतः त्यातील ओलाव्यावर ठरते. शेण, पालापाचोळा असा ओला माल कुजवतात. भाताचे तूस, पऱ्हाट्या, तुराट्या असा कोरडा माल जाळतात किंवा त्याचे वायूकरण करतात, म्हणजे त्याचे ज्वलनशील वायूत रूपांतर करतात. ताज्या शेणात सुमारे ८० टक्के पाणी असते. ते वाळवून गोवऱ्या जाळता येतात, पण मग त्यातला नत्र शेताला मिळत नाही.

हवाबंद टाकीत जंतूंचे वेगवेगळे गट ओल्या मालाचे टप्प्याटप्प्याने विघटन करतात. अखेरच्या टप्प्यातले मिथेनजनक जंतू फार नाजूक. त्यांना ऑक्सिजन चालत नाही, टाकीतला काला आंबट झाला की ते मंदावतात, आणि साधारण ३५° से. तापमान त्यांना मानवते. म्हणून थंडीत गॅस कमी पडतो. तयार होणाऱ्या बायोगॅसमध्ये मिथेन बहुधा ५५ ते ६५ टक्के असतो, बाकीचा बराचसा कार्बन डाय-ऑक्साइड. हायड्रोजन सल्फाइड अल्प असला तरी इंजिन गंजवतो. वीज करायची असेल तर तो आधी काढावा लागतो. नुसता पेंढा टाकीत घालून भागत नाही. त्यात कर्बाच्या मानाने नत्र कमी असतो, लिग्निन (काडाला ताठपणा देणारा कठीण घटक) कुजत नाही, शिवाय पेंढा वर तरंगून साय धरतो. बारीक करून शेणात मिसळला, तर उपयोगी पडतो.

भारतात खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६२ पासून तरंगत्या टोपीच्या, म्हणजे गॅस साठवणारे लोखंडी झाकण वर तरंगते अशा, बायोगॅस संयंत्राचा प्रसार केला. १९८४ मध्ये आलेल्या ‘दीनबंधू’ संयंत्राचा घुमट स्थिर व विटांचा असल्याने लोखंडी टोपीचा खर्च वाचला.

वायूकरणात कोरडा माल अपुऱ्या हवेत तापवून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजनयुक्त वायू मिळवतात. त्यातले डांबर नीट गाळले नाही तर इंजिन तुंबते. कार्बन मोनॉक्साइड विषारी असल्याने गळतीकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

गावपातळीवर खरी अडचण मालाच्या पुरवठ्याची असते. काड हंगामात एकदाच निघते, ऊर्जा मात्र रोज लागते. हलके व फुगीर काड लांबून वाहून आणणे परवडत नाही. सगळेच काड उचलले तर जमिनीतला सेंद्रिय कर्ब घटतो. या बाबतीत बायोगॅस उजवा ठरतो, कारण गॅस काढून घेतल्यावर उरलेल्या स्लरीत नत्र, स्फुरद व पालाश बहुतांशी शिल्लक राहतात.