डुकराला रात्र कळते का?

रानडुकरीण वसंतात विते. गोठ्यातली डुकरीण वर्षभर वीत असली तरी उन्हाळ्याच्या शेवटी तिचं गणित बिघडतं: पिल्लांचं दूध तोडल्यावर माज लांबणीवर पडतो, कधी गर्भ टिकत नाही. दोष उकाड्याचा म्हणावा, तर फिनलंडसारख्या थंड देशातही हेच घडतं. म्हणून संशय दिवसाच्या लांबीवर, आणि ती शरीराला सांगणाऱ्या मेलाटोनिनवर गेला.

हे संप्रेरक १९५८ मध्ये येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर यांनी गुरांच्या मेंदूतल्या पिनिअल ग्रंथींतून वेगळं काढलं. ते शोधत होते त्वचा उजळवणारं द्रव्य! पुढे मेंढ्यांमध्ये चित्र स्वच्छ मिळालं: अंधार पडला की पातळी चढते, उजाडताच उतरते. डुकरांनी मात्र छळलं. १९८० आणि ९० च्या दशकांत एका प्रयोगशाळेत रात्रीची वाढ दिसे, दुसरीत दिसतच नसे. माणसाळताना डुकराचं घड्याळच बंद पडलं, असंही सुचवलं गेलं. घोळ बराचसा मोजणीत होता. डुकराच्या रक्तात हे द्रव्य मुळात थोडं, त्यात चाचण्या दुसऱ्या जनावरांसाठी बसवलेल्या. २००१ मध्ये फिनलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नीट पारखलेल्या पद्धतीने मोजलं, तेव्हा पाळीव डुकरातही रात्रीचा चढ मिळाला आणि रानडुकराशी तो जुळला.

दिवस-रात्रीची लय असलेलं दुसरं संप्रेरक म्हणजे ताणात वाढणारं कॉर्टिसॉल. त्याची अडचण वेगळी. ते सकाळी जास्त, संध्याकाळी कमी असतं. पण रक्त काढायला डुकराच्या थोबाडाला फास लावला की ते कर्कश किंचाळतं आणि काही मिनिटांत कॉर्टिसॉल वर जातं. मग मोजायचं काय? आधी मानेच्या शिरेत नळी बसवून ठेवत. नंतर लाळेची युक्ती आली. कापसाचा बोळा पुढे धरला की डुक्कर तो आपणहून चघळतं. नेदरलँड्समध्ये याच पद्धतीने १९९७ मध्ये दिसलं, की वाढत्या डुकरांत ही लय पक्की व्हायला सुमारे २० आठवडे लागतात. २००० मध्ये तिथेच पेंढा नसलेल्या ओक्याबोक्या खोपटातल्या डुकरांची लाळ तपासली. त्यांचं दिवसाचं कॉर्टिसॉल कमी निघालं. कमी म्हणजे निवांत, असं कुणीही म्हटलं असतं. प्रत्यक्षात सकाळ-संध्याकाळचा फरकच पुसट झाला होता.