एका शरीरात अनेक आजार

मधुमेह असलेल्या माणसाला क्षयरोग होण्याचा धोका इतरांपेक्षा दोन ते तीन पट अधिक असतो आणि विकसनशील देशांत हे दोन्ही आजार अनेकदा एकाच शरीरात मुक्कामाला येतात. क्षयावरील रिफॅम्पिसिन यकृतातील विकरांना (एन्झाइमांना) इतकी चालना देते की मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचे विघटन लवकर होते आणि त्यांचा परिणाम ओसरतो. गोळ्या वेळेवर घेऊनही साखर वाढते. संसर्गामुळे तिच्यात आणखी भर पडते. अशा वेळी ‘पथ्य पाळले नाही’ असा ठपका रुग्णावर येणे मला फार अन्यायाचे वाटते, कारण क्षयाचे औषध देणारा आणि मधुमेहाचे औषध लिहिणारा यांनी एकमेकांचे कागद बहुधा पाहिलेलेच नसतात.

दोन किंवा अधिक दीर्घकालीन आजार एकत्र असण्याला बहुव्याधी म्हणतात. हे केवळ म्हातारपणाचे दुखणे नव्हे. स्कॉटलंडमधील सुमारे साडेसतरा लाख लोकांच्या नोंदींवर आधारलेल्या 2012 च्या अभ्यासात असे दिसले की, सर्वांत वंचित वस्त्यांतील लोकांना बहुव्याधी संपन्न वस्त्यांपेक्षा 10 ते 15 वर्षे आधी गाठते. श्रीमंत देशातही गरिबीचा हा परिणाम होतो.

उपचार हेही एक कामच असते. अमेरिकेतील संशोधकांनी 2005 मध्ये पाच आजार असलेली 79 वर्षांची एक काल्पनिक स्त्री घेऊन प्रत्येक आजाराची मार्गदर्शक तत्त्वे तिला लागू केली, तेव्हा दिवसाला 12 औषधांच्या 19 मात्रा भरल्या. रोजंदारीवर जगणाऱ्याला प्रत्येक आजारासाठी वेगळ्या दिवशी रांग लावावी लागली, तर तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते.

मग पैसे पुरेनासे झाले की गोळ्यांत निवड करावी लागते. उच्च रक्तदाब सहसा दुखत नाही, त्यामुळे त्याची गोळी सोडणे सोपे वाटते. गुडघा मात्र रोज दुखतो, म्हणून चिठ्ठीविना मिळणारी वेदनाशामक गोळी चालू राहते. आयबुप्रोफेनसारखी ही औषधे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात आणि रक्तदाबही वाढवू शकतात. रक्तदाबाची एनालाप्रिलसारखी गोळी आणि लघवी वाढवणारे औषध चालू असताना तिसरी म्हणून ही वेदनाशामक गोळी घेतल्यास मूत्रपिंड अचानक निकामी होण्याचा धोका वाढतो. हा धोका कोणत्याही एका चिठ्ठीत दिसत नाही; पिशवीतल्या सगळ्या पट्ट्या, दुकानातून परस्पर आणलेल्यांसह, एकाच टेबलावर ओतून एकाच माणसाने पाहिल्या, तरच तो दिसतो.