पट्ट्यापट्ट्यांची जहाजं

पुण्याजवळ चाकणच्या रस्त्यांवर कधीकधी काळ्या-पांढऱ्या वेटोळ्यांनी नखशिखान्त मढवलेली मोटार दिसते. बाजारात अजून न आलेलं ते मॉडेल चाचणीसाठी बाहेर काढलेलं असतं. गाडी लपलेली मुळीच नसते; रस्त्यावरच्या दहा गाड्यांत तीच आधी नजरेत भरते. पण तिचा फोटो काढून निवांत बघायला बसलं की बॉनेटची घडी कुठे आहे, दरवाजाचा उभार कुठून सुरू होतो, काही म्हणजे काही लागत नाही. नजर खेचायची आणि तिला हवं ते मात्र हाती लागू द्यायचं नाही, ही युक्ती शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे आणि तिचा जन्म समुद्रावर झाला.

पहिल्या महायुद्धात, १ फेब्रुवारी १९१७ रोजी, जर्मनीने आपल्या पाणबुड्यांवरची बंधनं उठवली. ब्रिटनच्या आसपासच्या पाण्यात दिसेल ते जहाज, लढाऊ असो की धान्याचं, इशारा न देता बुडवायचं असा हुकूम निघाला. त्या एप्रिलमध्ये दोस्त आणि तटस्थ देशांची मिळून साडेआठ लाख टनांहून अधिक जहाजं तळाला गेली. गव्हापासून तेलापर्यंत सगळं बोटींनी आणणाऱ्या बेटावरच्या देशाला हे परवडणारं नव्हतं.

पाणबुडीच्या कप्तानाची अडचण नीट समजून घेतली तरच पुढची गोष्ट कळते. पेरिस्कोप, म्हणजे पाण्याखालून वर डोकावणारी दुर्बीण, फार वेळ पाण्यावर ठेवता येत नसे. त्याच्यामागे उठणारी फेसाची रेघ पहाऱ्यावरच्या खलाशाला दिसायची. तेवढ्या थोड्या सेकंदांत कप्तानाने तीन गोष्टी ताडायच्या: जहाज किती लांब आहे, किती वेगाने चाललंय आणि कुठल्या दिशेला. ३६ नॉट (ताशी ३६ सागरी मैल) वेगाच्या टॉर्पेडोला, म्हणजे पाणबुडीने पाण्यातून सोडलेल्या अस्त्राला, हजार मीटर जायला जवळजवळ एक मिनिट लागतं. तेवढ्या वेळात १० नॉटने चाललेलं जहाज तीनशे मीटर पुढे गेलेलं असतं. म्हणजे नेम जहाजावर धरून उपयोग नाही. ते जिथे पोचणार आहे त्या रिकाम्या पाण्यावर धरायचा. हे सगळं गणित नजरेच्या एका अंदाजावर उभं होतं, आणि पुढे ज्याच्यावर हल्ला झाला तो नेमका हा अंदाज.

त्याआधी वीस वर्षं लोक वेगळाच विचार करत होते: जहाज दिसूच नये. ॲबट थेयर हा अमेरिकन चित्रकार पक्षी-प्राण्यांच्या रंगांनी झपाटलेला होता. हरणाची पाठ गडद आणि पोट पांढरं का, या प्रश्नाला त्याने १८९६ मध्ये चित्रकाराचं उत्तर दिलं. कागदावर गोल चेंडू काढायचा तर आपण खालच्या बाजूला सावली भरतो. निसर्ग नेमकं उलटं करतो. वरून पडणाऱ्या उजेडाने जी बाजू उजळणार ती काळवंडवतो, जी सावलीत जाणार ती उजळवतो, आणि प्राण्याचा गोलवा पुसून टाकतो. निरीक्षण अस्सल होतं. पण थेयर तिथे थांबला नाही. फ्लेमिंगो गुलाबी असतात ते मावळतीच्या आभाळात मिसळून जाण्यासाठी, इथपर्यंत त्याची मजल गेली, आणि शिकारीत आयुष्य घालवलेल्या माजी अमेरिकन राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने त्याची जाहीर खरडपट्टी काढली. तोवर, १९०२ मध्ये, थेयरने जेरोम ब्रश या सहकाऱ्याबरोबर हेच तत्त्व जहाजांना लावण्याचं पेटंट घेऊन ठेवलं होतं.

युद्ध सुरू झाल्यावर ग्लासगोचा प्राणिशास्त्रज्ञ जॉन ग्रॅहम कर याने सप्टेंबर १९१४ मध्ये नौदलमंत्री चर्चिलला पत्र लिहिलं. थेयरच्या उलट्या सावलीबरोबर त्याने आणखी एक गोष्ट सुचवली: झेब्रा, जिराफ, जॅग्वार यांच्यासारखे तुटक, विरोधी रंगांचे पट्टे, म्हणजे बाह्यरेषा सलग वाचताच येऊ नये. नौदलाने थोडा प्रयोग केला आणि १९१५ मध्ये पुन्हा साध्या करड्या रंगावर आलं. एक खरं की कर याच्या मनात ‘दिसू नये’ आणि ‘कळू नये’ या दोन गोष्टींची सरमिसळ होती. समुद्रात पहिली गोष्ट साधत नाही. आभाळ तासागणिक बदलतं, आणि सकाळी पार्श्वभूमीत विरणारं जहाज दुपारी तिच्यावर काळंकुट्ट उमटतं. वर त्या काळच्या जहाजाचा धूर मैलोगणती दिसायचा.

ती सरमिसळ नॉर्मन विल्किन्सनने सोडवली. तो समुद्रचित्रं काढणारा चित्रकार, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पोस्टरवाला. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेसाठी त्याने पोस्टर्स केली होती. घाईत चाललेल्या माणसाची नजर फलाटावर कशी अडवायची हे त्याला ठाऊक होतं. (टायटॅनिकच्या पहिल्या वर्गाच्या धूम्रपानकक्षात त्याचंच प्लिमथ बंदराचं चित्र लावलेलं होतं, ते जहाजाबरोबर गेलं.) १९१७ च्या वसंतात हा नौदलाच्या स्वयंसेवक दलात सुरुंग काढणाऱ्या बोटीवर होता. सुट्टीत मासे धरायला गेला असताना, परतीच्या गाडीत त्याला सुचलं, असं तो सांगायचा: जहाज लपवता येत नाही तर लपवूच नये, रंग असा द्यावा की दिशेचा अंदाज चुकावा. या योजनेला नाव पडलं डॅझल, म्हणजे डोळे दिपवणं. मे महिन्यात ‘इंडस्ट्री’ नावाच्या एका छोट्या मालवाहू जहाजावर ती करून पाहिली गेली.

यानंतर जे झालं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं. त्यामानाने रंगीत पट्टे ही वरवरची गंमत. विल्किन्सनच्या तुकडीला लंडनमध्ये रॉयल अकॅडमीच्या बर्लिंग्टन हाउसमध्ये जागा मिळाली. चित्रकार, मॉडेल बनवणारे कारागीर, आणि अकॅडमीत शिकणाऱ्या मुली तिथे कामाला लागल्या. प्रत्येक प्रकारच्या जहाजाची लहानशी लाकडी प्रतिकृती करायची, रंगवायची, फिरत्या चकतीवर ठेवायची, मागे वेगवेगळ्या आभाळांचे पडदे लावायचे आणि पाणबुडीतल्यासारख्या पेरिस्कोपमधून बघायचं. बघणाऱ्याने सांगायचं, जहाज कुठे चाललंय. उत्तर बरोबर आलं तर रंगसंगती बाद. आधी काढलेल्या चित्राचं कौतुक व्हायचं किंवा टीका व्हायची. इथे ते बघणाऱ्याच्या चुकीवर, अंशांमध्ये, मोजलं जाऊ लागलं. पंचम जॉर्ज एकदा बघायला आला. राजा स्वतः नौदलात वाढलेला. विल्किन्सनच्या सांगण्यानुसार त्याने दिशा दक्षिणेच्या आसपासची सांगितली, प्रतिकृती निघाली पूर्व-आग्नेयेकडे जाणारी.

युक्त्या फार नव्हत्या, पण एकात एक गुंफलेल्या होत्या. जहाजाची दिशा ओळखायला डोळा काही ठरावीक खुणा धरतो: नाळेची (जहाजाच्या पुढच्या टोकाची) धारदार कड, डेकची सलग रेघ, डोलकाठ्या आणि धुराडी एका ओळीत आहेत की नाहीत, नाळेपाशी फुटणारी लाट. या प्रत्येक खुणेची खोटी जोडीदारीण रंगवायची. नाळेवरून तिरके जाड पट्टे असे न्यायचे की खरी कड त्यांत हरवावी आणि थोडी मागे भलतीच कड उभी राहावी. पिछाडीला फेसाळ लाट रंगवायची, म्हणजे जहाज नेमकं कुठल्या तोंडाने चाललंय याचाच घोळ. काळा, पांढरा, निळा आणि हिरवा हे मुख्य रंग, शेजारी शेजारी, मध्ये छटा न देता. जहाजाच्या दोन्ही अंगांना वेगवेगळी नक्षी, आणि एकसारख्या बांधणीच्या जहाजांनाही सहसा निराळी, नाहीतर शत्रूने नक्षीच पाठ केली असती.

गंमत अशी की डोळा तुकडे जोडून आकार कसा घडवतो याचा शास्त्रशुद्ध अभ्यास त्याच वेळी शत्रूच्या देशात चालू होता. माक्स व्हर्थायमरने १९१२ मध्ये आभासी गतीवरचे प्रयोग छापले. जवळ असलेल्या, सारख्या दिसणाऱ्या, सलग जाणाऱ्या गोष्टींना मन एका गटात घालतं, हे त्याचे नियम १९२३ मध्ये आले. डॅझलची नक्षी या नियमांची यादी समोर ठेवून एकेक मोडल्यासारखी दिसते. पण विल्किन्सनच्या मंडळींना ते माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी ते डोळ्याने आणि ब्रशने शोधलं.

बर्लिंग्टन हाउसमधून आराखडे बंदरांना जात आणि गोदीत बसवलेले चित्रकार ते जहाजावर उतरवून घेत. लिव्हरपूलला हे काम पाहणाऱ्यांत एडवर्ड वॉड्सवर्थ होता, त्या वेळचा बंडखोर आधुनिक चित्रकार. कोरड्या गोदीतल्या डॅझल जहाजांचं १९१९ मधलं त्याचं मोठं चित्र आज कॅनडाच्या नॅशनल गॅलरीत आहे. युद्ध संपेपर्यंत ब्रिटनची दोन हजारांहून अधिक व्यापारी जहाजं अशी रंगली. अमेरिकेने एव्हरेट वॉर्नर या चित्रकाराच्या हाताखाली स्वतःचा विभाग काढला आणि बाराशेहून अधिक जहाजं रंगवली. एक गैरसमज इथे दूर केलेला बरा. ‘हे आम्हीच केलं’ हे क्युबिस्ट चित्रकार पिकासोचं वाक्य डॅझल जहाजांच्या संदर्भात हमखास टाकलं जातं. लेखिका गर्ट्रूड स्टाइनने नोंदवलेला तो प्रसंग पॅरिसच्या रस्त्यावरून जाणाऱ्या रंगवलेल्या तोफेचा आहे. जहाजाचा तिथे संबंध नाही.

मार्च १९१९ मध्ये लंडनच्या आल्बर्ट हॉलमध्ये चेल्सी आर्ट्स क्लबने डॅझल बॉल भरवला, पाहुणे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घालून नाचले. त्या उन्हाळ्यात पोहण्याचे पोशाखही तसलेच निघाले. श्रेयासाठी कर आणि विल्किन्सन यांचं भांडण मात्र वर्षानुवर्षं चाललं आणि सरकारी आयोगाने शेवटी विल्किन्सनच्या बाजूने कौल दिला. रडार आल्यावर नजरेच्या अंदाजाचं महत्त्व ओसरलं; दुसऱ्या महायुद्धात डॅझल वापरलं गेलं, पण पहिल्याइतक्या विश्वासाने नाही.

आता खरा प्रश्न: याचा उपयोग झाला का? लोकप्रिय लेखांत उत्तर ठाम ‘हो’ असतं. १९१८ मध्ये नौदलाच्याच समितीने आकडे तपासले तेव्हा चित्र धूसर निघालं. वर्षाच्या पहिल्या तिमाहीत हल्ला झालेल्या डॅझल जहाजांपैकी ७२ टक्के बुडाली किंवा निकामी झाली, साध्या जहाजांपैकी ६२ टक्के. दुसऱ्या तिमाहीत हेच आकडे ६० आणि ६८ असे उलटले. शिवाय मे १९१७ पासून जहाजं ताफ्याने, संरक्षक नौकांच्या सोबतीने जाऊ लागली होती. नुकसान घटलं त्यातलं श्रेय ताफ्याचं किती आणि रंगाचं किती, हे वेगळं काढता येणं अशक्य. समितीने लिहिलं ते एवढंच की तोटा काही दिसत नाही आणि खलाशांचा धीर वाढलाय, तेव्हा रंगवणं चालू ठेवावं.

या खलाशांमध्ये आपली माणसं होती हे या कथेत क्वचित सांगितलं जातं. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारो हिंदी ‘लास्कर’, म्हणजे खलाशी, काम करत. रत्नागिरी किनाऱ्याचे कोकणी मुसलमान त्यांत होते, आणि स्वयंपाकघरात, भोजनकक्षात गोव्याचे तारवटी. मुंबईत मशीद बंदरच्या खलाशी गृहात १९१४-१८ चं स्मारक आहे. ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही अशा दोन हजारांहून अधिक जणांचं ते स्मरण आहे. रंगाने ‘वाढलेला धीर’ या माणसांच्या संदर्भात वाचला की ते सरकारी वाक्य तितकंसं किरकोळ वाटत नाही.

प्रयोगाने उत्तर मिळायला बराच काळ गेला. २०११ मध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी दाखवलं की ठसठशीत विरोधाच्या नक्षीने हलत्या वस्तूचा वेग सुमारे सात टक्के कमी भासतो, मात्र वस्तू चांगलीच वेगात असेल तरच. जहाजाचा वेग त्यासाठी पुरेसा नाही. जमिनीवरच्या लष्करी गाडीला कदाचित उपयोग होईल, असं त्यांचं म्हणणं.

दिशेचा प्रश्न एका जुन्या प्रबंधाने उलगडला. लिओ ब्लॉजेट नावाच्या विद्यार्थ्याने १९१९ मध्ये एमआयटीत प्रतिकृती आणि पेरिस्कोप घेऊन बघणाऱ्यांच्या चुका मोजल्या होत्या आणि आकडे डॅझलच्या बाजूचे दिसत होते. २०२५ मध्ये बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठातल्या टिमोथी मीस आणि समांथा स्ट्राँग यांनी तेच आकडे पुन्हा तपासले. ब्लॉजेटने तुलनेसाठी न रंगवलेल्या जहाजांची पुरेशी सोय ठेवली नव्हती, म्हणून त्यांनी प्रबंधातल्या चित्रांवरची नक्षी संगणकावर पुसली आणि लोकांना विचारलं. दिशा तरीही चुकली. क्षितिजाला सुमारे २५ अंशांपर्यंतचा कोन करून जाणारं जहाज लोकांना थेट क्षितिजालगत चाललेलंच वाटतं, मग ते रंगवलेलं असो वा करडं. नक्षीने यात आणखी थोडी भर पडते, पण चुकीचा मोठा वाटा क्षितिजाचा. ब्लॉजेटच्या बघणाऱ्यांत छद्मावरण (कॅमफ्लाज) चांगलं ठाऊक असलेली माणसं होती, एक नौदलातला लेफ्टनंटही होता. त्यांच्याही चुका त्याच दिशेने आणि जवळपास त्याच प्रमाणात निघाल्या.