मावशी बदलून मागण्याआधी

"ही मावशी आम्हाला जमत नाही, दुसरी द्या." आजारी आणि वृद्ध माणसांच्या सेवेला आम्ही घरोघरी मावशी पाठवतो. पहिल्या आठवड्यातच असा फोन आला की आम्ही आधी एकच गोष्ट विचारतो, मावशींना सूचना कोण देतं? सांगली, मिरज, कुपवाड, कुठंही जा, बहुतेक घरांतून उत्तर येतं, "आम्ही सगळेच देतो." घोळ तिथंच होतो. म्हणून हे पत्रक.

विश्रामबागेतल्या एका घराचं सांगते. काकू निवृत्त शिक्षिका. पक्षाघातानं डावी बाजू गेलेली, पण बोलणं स्वच्छ आणि स्मरणशक्ती तल्लख. सूनबाईंनी मावशींना सांगितलं, मी ऑफिसला निघायच्या आत आंघोळ उरकून घ्या. पुण्याचा मुलगा व्हिडिओ कॉलवर सांगायचा, उठल्या उठल्या आईला चालवा. मुलीचं म्हणणं, आधी नाष्टा आणि गोळ्या, बाकी सगळं नंतर. काकूंना हवं होतं एवढंच, की सकाळचा चहा घेत पेपर पुरा वाचून व्हावा आणि आंघोळ साडेनऊला, न्हाणीघरात ऊन आल्यावर व्हावी. हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. चौथ्या दिवशी मावशी म्हणाल्या, मला ते घर नको. दुसऱ्या मावशीही आठवड्यात परत आल्या. तिसऱ्या वेळी मी स्वतः गेले, काकूंच्या कॉटजवळ दीड तास बसले आणि त्या सांगतील तसा दिवस लिहून घेतला. तेव्हा गेलेल्या मावशी आजही तिथंच आहेत.

माणूस बदलला की सगळं पहिल्यापासून सुरू होतं. कोणत्या कुशीवर झोप लागते, भाकरी दुधात कुस्करायची की आमटीत, रात्री लघवीला किती वेळा उठावं लागतं, हे कळायलाच तीन-चार दिवस जातात. ते दिवस आमचे वाया जातात तसे तुमचेही, पण खरे हाल पेशंटचे होतात. परक्या हातानं अंग पुसून घेणं एकदा सोसतं, दर आठवड्याला नवा हात सोसत नाही.

म्हणून आमचा नियम असा: ज्यांची सेवा करायची, सूचना त्यांचीच. त्यांना स्वतः सांगणं जमत नसेल तर त्यांनी निवडलेल्या एकाच माणसाची. बाकीच्यांनी काय सांगायचं ते त्या माणसाला सांगावं, मावशींच्या मोबाईलवर नाही. "पैसे मी देतो, मग मी सांगायचं नाही का?" असं पुण्या-मुंबईची मुलं विचारतात. त्यांची काळजी खरी असते, ती आम्ही रोज पाहतो. पण बिल मुलाच्या नावावर निघालं तरी अंग आईचं आहे. कधी उठायचं, काय नेसायचं, दार उघडं ठेवायचं की लोटून घ्यायचं, हे तिनंच ठरवावं.

हे खूळ आम्ही काढलेलं नाही. अमेरिकेत मेडिकेड या सरकारी योजनेत अशी सोय आहे, की अपंग किंवा वृद्ध व्यक्ती आपला मदतनीस स्वतः निवडते, त्याला स्वतः शिकवते आणि पगार योजनेतून जातो. आपल्याकडे तसा सरकारी पैसा नाही, खर्च घरालाच करावा लागतो. पण कुठं आणि कुणाबरोबर राहायचं हे अपंग व्यक्तीनं स्वतः ठरवावं, हे संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराच्या 19 व्या कलमात आहे. भारतानं तो करार 2007 मध्ये मान्य केला आणि त्याला धरून 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आला. रोजच्या मदतीतही माणसाचा शब्द चालावा, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. त्याला पैसा लागत नाही, विचारावं लागतं.

कुपवाडचे एक तरुण ग्राहक आहेत. मणक्याच्या दुखापतीनंतर कमरेखाली संवेदना नाही. नवीन मामा, म्हणजे पुरुष मदतनीस, आले की पहिले दोन दिवस तेच शिकवतात. व्हीलचेअर कॉटला तिरकी लावा, आधी दोन्ही ब्रेक, मग पायपट्ट्या वर. कुशी कधी बदलायची, बसल्या बसल्या अंगाचं वजन कधी उचलून घ्यायचं, हे त्यांनी घड्याळासह लिहून भिंतीला लावलंय. ज्या जागी दुखत नाही, तिथंच बेडसोअर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, कळायच्या आत होतो, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

याच जोडीला एक गोष्ट सांगते, कारण ती घरोघरी चुकते. पक्षाघाताच्या पेशंटला उठवताना खुर्ची चांगल्या बाजूला ठेवा. लुळा हात धरून किंवा काखेत हात घालून ओढू नका, खांदा निसटतो. कमरेला पट्टा बांधून तिथंच धरा. आमच्या मावशी पट्टा घेऊनच येतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

बोलता येत नसेल तर? तरीही विचारता येतं. हो-नाही असं उत्तर येईल असा प्रश्न करा आणि थांबा, पक्षाघातानंतर शब्द जुळायला वेळ लागतो. एका तात्यांच्या कॉटच्या दांडीला आम्ही सायकलची घंटी बसवून दिली. एकदा वाजली तर पाणी, दोनदा वाजली तर कूस. विसरभोळेपणा वाढलेल्या आजींसमोर दोन लुगडी धरा, एकीकडं हात जातोच.

आता मर्यादाही स्पष्ट सांगते. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल, मीठ बंद केलं असेल, तर तो कागद सगळ्यांच्या वर. पेशंटनं गोळी नाकारली तर मावशी जबरदस्ती करणार नाहीत, भातात कालवूनही देणार नाहीत. वहीत लिहितील आणि तुम्हाला लगेच कळवतील. इंजेक्शन देणं, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलणं हे मावशींचं काम नव्हे, त्यासाठी सिस्टर लागतात. त्या आमच्याकडे वेगळ्या आहेत.

"फोन केला की त्याच दिवशी माणूस पाठवणारे आहेत, तुम्ही आधी घरी येऊन बसता आणि त्याचे पैसेही घेता," ही तक्रार नेहमीची. पहिल्या भेटीचे पैसे आम्ही घेतो हे खरं आहे. त्या भेटीत दिनक्रमाचा कागद भरला जातो. त्याची एक प्रत पेशंटच्या उशाशी, एक मावशींकडे, एक आमच्याकडे राहते. भेटीनंतर सेवा घेतली तर ती रक्कम पहिल्या बिलातून वजा होते. मावशींना आठवड्याची सुट्टी आम्ही देतोच, आणि त्या दिवशी येणारी बदली तोच कागद वाचून घरात पाऊल टाकते. पेशंटचं मत बदललं तर कागदही बदलतो. काकूंची आंघोळ पावसाळ्यात अकराला होते.

भेटीची वेळ ठरवताना दवाखान्याची फाईल काढून ठेवा, दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर तेही. घरातले सगळे नसलात तरी चालेल. फक्त ज्यांची सेवा करायची त्यांच्या दुपारच्या झोपेची वेळ देऊ नका, आणि चष्मा, दातांची कवळी, कानाचं यंत्र लावून ठेवा. आम्हाला त्यांच्याशी बोलायचं असतं.