ही पिन नक्की कोणाची?

रास्पबेरी पाय या एका बोर्डावर मावणाऱ्या छोट्या संगणकाच्या 40 पिनांच्या पट्टीतली आठवी पिन घ्या. बोर्डावर तिचा क्रमांक 8, पण ब्रॉडकॉमच्या चिपच्या लेखी ती जीपीआयओ 14 (जीपीआयओ म्हणजे कोणत्याही साध्या इनपुट-आउटपुटसाठी वापरता येणारी पिन). तिच्यावर एलईडी पेटवता येतो, बटण दाबले आहे का ते वाचता येते, किंवा चिपमधल्या दोन यूएआरटींपैकी (डेटा एकेक बिट करून पाठवणारी-घेणारी सर्किटे) कोणत्याही एकाचा डेटा बाहेर पाठवता येतो. एका वेळी यांतले एकच. ते कोणते, हे लिनक्समध्ये पिन-कंट्रोल ड्रायव्हर, म्हणजे चिपच्या पिना सांभाळणारा सॉफ्टवेअरचा भाग, अमलात आणतो.

चिपच्या आत सर्किटे भरपूर आणि बाहेर पडायच्या वाटा थोड्या, हे या सगळ्याचे मूळ. पहिल्या रास्पबेरी पायमधल्या बीसीएम2835 चिपला अशा 54 वाटा आहेत. प्रत्येकीसाठी रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपच्या आतल्या नियंत्रणाच्या छोट्या स्मृतीत, 3 बिट राखलेले, म्हणजे आठ पर्याय: इनपुट, आउटपुट आणि ऑल्ट0 ते ऑल्ट5 ही सहा पर्यायी कामे. जीपीआयओ 14 च्या बिटांत 100 लिहिले की पिन मुख्य यूएआरटीला जोडली जाते, 010 लिहिले की मिनी यूएआरटीला. याला पिन मल्टिप्लेक्सिंग किंवा नुसते पिनमक्स म्हणतात.

पिन कोणाला जोडायची हे ठरले, तरी तिने विजेच्या दृष्टीने कसे वागायचे हा प्रश्न उरतोच. तो पिन कॉन्फिगरेशनचा: पुल-अप (पिन वर, 1 कडे ओढणारा रेझिस्टर) की पुल-डाउन (खाली, 0 कडे ओढणारा), किती मिलिअँपिअरची ताकद, ओपन ड्रेन (पिनने फक्त खाली खेचायचे, वर ढकलायचे नाही) हवे का. हे दोन प्रश्न वेगळे ठेवणे मला या रचनेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते, कारण चुका नेमक्या तिथेच होतात. रास्पबेरी पायच्या जीपीआयओ 2 आणि 3 वर आयटूसी बस, म्हणजे अनेक उपकरणांना जोडणारी दोन तारांची जोडणी, चालते. या बसवरची उपकरणे तार फक्त खाली खेचतात, वर नेण्यासाठी रेझिस्टर लागतो. म्हणून बोर्डावर या दोन पिनांना 1.8 किलोओहमचे पुल-अप कायमचे जोडलेले आहेत. आता कोणी जीपीआयओ 2 ला साधे इनपुट केले आणि चिपच्या आतला पुल-डाउन चालू केला, तर? आतला रेझिस्टर साधारण 50 किलोओहमचा. 3.3 व्होल्ट या दोघांत वाटले गेले की पिनवर जवळजवळ 3.2 व्होल्ट राहतात आणि प्रोग्रॅमला सतत 1 दिसतो. मक्स बरोबर आहे, कॉन्फिगरेशनही मागितल्याप्रमाणे लागले आहे, पण बोर्डावरच्या रेझिस्टरपुढे त्याचे काही चालत नाही.

पूर्वी लिनक्सच्या एआरएम (मोबाइल आणि अशा छोट्या बोर्डांवरच्या प्रोसेसरांचा प्रकार) विभागात प्रत्येक चिप कंपनीचा कोड वेगळा आणि शब्दही वेगळे होते. कुठे आयओमक्स, कुठे पॅडकॉन्फ, कुठे एमएफपी. लिनस वॉले यांनी (कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, जनक लिनस टोरवाल्ड्स वेगळे) यासाठी एक सामाईक चौकट उभी केली आणि जानेवारी 2012 मधल्या लिनक्स 3.2 मध्ये ती आली. तिने आधी शब्द पक्के केले. चिपच्या वेष्टनाला पाय असोत, खालच्या बाजूला गोळ्या असोत की पॅड, जिचे नियंत्रण करायचे ती प्रत्येक जोडणी म्हणजे पिन. एका कामासाठी एकत्र लागणाऱ्या पिनांचा संच म्हणजे ग्रुप. आणि ते काम, म्हणजे आयटूसी, एसपीआय (अशीच आणखी एक बस), यूएआरटी, हे फंक्शन. एकच फंक्शन वेगवेगळ्या ग्रुपांवर बसू शकते, म्हणून ड्रायव्हरला जोडी सांगावी लागते: हे फंक्शन, या ग्रुपवर.

ग्रुप किती मोठा असावा याचे उत्तर प्रत्येक हार्डवेअरचे वेगळे आहे. एनव्हिडियाच्या टेग्रा20 मध्ये मक्स बदलतो तोच अख्ख्या ग्रुपचा. टेग्रा30 मध्ये तो पिनागणिक बदलतो. बीसीएम2835 च्या ड्रायव्हरमध्येही प्रत्येक पिन हाच एक ग्रुप आहे. सिलिकॉनमध्ये जी गाठ नाही ती सॉफ्टवेअरने मारू नये, असे मला ठामपणे वाटते.

सर्वांत फसवा शब्द जीपीआयओ. समजा, यूएआरटीची टीएक्स (डेटा बाहेर पाठवणारी) पिन झोपेच्या वेळी वीज वाचवण्यासाठी खाली धरायची आहे. चिपच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते, ‘पिन जीपीआयओ मोडमध्ये टाका.’ वाचणारा लगेच यूएआरटी ड्रायव्हरमधून कर्नलच्या जीपीआयओ विभागाकडे ती पिन मागायला जातो. पण पिन आधीच यूएआरटीच्या नावावर आहे, आणि पिन-कंट्रोलर कडक शिस्तीचा (एका पिनला एका वेळी एकच मालक देणारा) असेल तर मागणी फेटाळली जाते. पुस्तिकेतला जीपीआयओ मोड ही फक्त विजेची एक मांडणी आहे, पिनचा मालक बदलायचे कारणच नाही. कर्नलच्या पद्धतीत पिनांना नावाच्या अवस्था देता येतात, जसे ‘डिफॉल्ट’ आणि ‘स्लीप’. टीएक्स खाली धरायची मांडणी ‘स्लीप’मध्ये लिहायची आणि झोपताना ड्रायव्हरने फक्त ती अवस्था मागायची.

या अवस्था डिव्हाइस ट्री नावाच्या बोर्डाच्या वर्णनात लिहिलेल्या असतात. ड्रायव्हर सुरू होण्याआधीच कर्नल ‘डिफॉल्ट’ लावून ठेवतो, त्यामुळे यूएआरटीच्या ड्रायव्हरला आपली पिन कितव्या क्रमांकाची हे माहीत असावे लागत नाही आणि तोच कोड दुसऱ्या बोर्डावर जसाच्या तसा चालतो. एखादे उपकरण दाद देत नसेल, तर डीबगएफएसमधली (कर्नलची आतली माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी जागा) पिनमक्स-पिन्स ही फाइल उघडावी. पिन कोणत्या उपकरणाने घेतली आहे आणि कोणत्या फंक्शनसाठी, हे तिथे ओळीने दिसते.