राजाच्या पाठीवर चेन काहून?

यंदा मंडईच्या, म्हणजे आमच्याकडं दिवाळीनंतर भरते त्या जत्रेच्या, नाटकात राजा पाठमोरा झाला अन् अंगरख्याची चेन अर्धी उघडी दिसली, मागून कोणीतरी ओरडलं "महाराज, चेन लावा!" अन् अख्खा मंडप हसला. मीही हसलो बुवा. पण मग डोक्यात बसलं की ऐतिहासिक नाटकातले कपडे त्या काळातलेच पाहिजेत हे आपल्याला कधीपासून वाटायला लागलं, कारण ही गोष्ट काही फार जुनी नाही.

युरोपात ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखाच, फक्त सगळं गाण्यातून. १६०० च्या आसपास इटलीत सुरू झाला, पण पुढं दीडएकशे वर्षं रोमन सेनापती म्हटला की डोक्यावर पिसांचा मोठा तुरा अन् कमरेला फुगवलेला आखूड घागरा, बस. लोक गळा ऐकायला यायचे, इतिहास पाहायला नाही. १८२३ मध्ये लंडनला प्लांशे नावाच्या माणसानं शेक्सपिअरच्या 'किंग जॉन' नाटकासाठी जुन्या थडग्यांवरचे पुतळे अन् शिक्के पाहून कपडे बेतले तर नटच घाबरले, म्हणे लोक हसतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सगळ्यात भारी किस्सा 'आयडा'चा. इजिप्तच्या खेदिवानं, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्यानं, इटलीच्या व्हर्दी नावाच्या संगीतकाराकडून हा ऑपेरा करून घेतला अन् कपड्यांचं काम दिलं मारिएतला, जो तिकडं देवळं अन् थडगी खणून काढायचा. त्यानं भिंतीवरची चित्रं पाहून डिझाइन केलं, शिवायला पॅरिसला गेला, तर १८७० मध्ये प्रशियाच्या, म्हणजे जर्मनांच्या, फौजेनं शहरालाच वेढा घातला, कपडेही आत अन् हाही आत! शेवटी कैरोत पहिला प्रयोग झाला २४ डिसेंबर १८७१ ला. मारिएतला एकच धास्ती होती, दगडात कोरलेला राजा मुकुटात शोभतो पण हाडामांसाचा चालायला लागला की हसू होईल, म्हणून गायकांनी दाढी-मिशा काढाव्या असा त्याचा हट्ट होता.

आपल्याकडं विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं ते कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. १८८० ला किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं. पुढं राजा रविवर्म्याची चित्रं छापखान्यातून घराघरात गेली अन् पुराणातली बाई म्हणजे नऊवारी नेसलेली हेच डोळ्याला पटलं. बालगंधर्वांनी तर भारी शालू अन् पैठण्यांवर इतका खर्च केला की कंपनी कर्जात गेली ती गेलीच. पण बाया त्यांचं नेसणं पाहून नेसायला शिकल्या. माझ्या मते इतिहासापेक्षा हेच मोठं काम.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दंडार, खडी गंमत हे लोकनाट्याचे खेळ आधीपासूनचे. तिथं धोतर, फेटा अन् लुगडं नेसलेला गडी, एवढ्यावर भागायचं. नाटकं वाढली तसे ड्रेपरीवाले, म्हणजे नाटकाचे कपडे पुरवणारे, आले, ट्रंकेत मखमली अंगरखे, पुठ्ठ्याचे चमकी लावलेले मुकुट.

त्या रात्री नाटक सुटल्यावर मी मागं गेलो, ड्रेपरीवाल्या भाऊला चेनचं विचारलं. म्हणाला, "आज बारीक राजा असते, उद्या जाडा असते, अन् दोन सीनमध्ये ड्रेस बदलावा लागते, बंद बांधत बसलो तर पडदा कोण थांबवते?" राजा तिथंच बिडी पेटवून शेकोटीपाशी बसला होता. अंगरखा उतरवला तर आत विटका निळा स्वेटर.