रायफल तुमची, गोळी मात्र आम्हाला विचारून
(नामिबियात शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी)

भारतात १९७२च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली. त्यामुळे आमच्याकडे येणारी मराठी मंडळी बहुतेक अमेरिका-ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेली, तिथल्या हरणांवर हात बसलेली. बुकिंग झालं की पहिला फोन ठरलेला, "कुठली रायफल आणू?" आम्ही उलट विचारतो, "गोळी कुठली?"

रायफलचं उत्तर इथला कायदाच देतो. नळीच्या तोंडाशी गोळीची ऊर्जा स्प्रिंगबोक या छोट्या हरणाला किमान १३५० ज्यूल हवी, कुडू, ओरिक्स, ईलंड या मोठ्या हरणांना २७०० आणि केप बफेलो या आफ्रिकी रानरेड्याला ५४००. तुमची थर्टी-ऑट-सिक्स काडतुसाची रायफल १८० ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळीला साधारण ३९५० देते, म्हणजे कुडूला भरपूर. बफेलोला ३७५ एच अँड एच घ्या. १९१२पासून चालत आलेलं काडतूस आहे, अजून कुणाची तक्रार नाही.

पण कायदा जोर मोजतो. कातडीच्या आत शिरल्यावर गोळीचं काय होतं, ते तो विचारत नाही.

आमच्या टेबलावर एक बरणी आहे, जनावरांतून काढलेल्या गोळ्यांची. त्यातली एक बघाच. १८० ग्रेनची साधी सॉफ्ट नोज, म्हणजे मऊ टोकाची, आत गेल्यावर फुलणारी; पातळ कवच, आत मऊ शिसं. चाळीस मीटरवरून कुडूच्या फऱ्याच्या हाडावर बसली आणि तिथेच फुटली. हाती लागलं ते चुरगळलेलं कवच. फुप्फुसापर्यंत काही पोचलंच नाही. जनावर सापडायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. हीच गोळी सत्तर-ऐंशी किलोच्या हरणाला उत्तम, पण मोठा कुडू अडीचशे किलोच्या घरात जातो. गंमत म्हणजे जवळून गोळी जास्त फुटते, कारण वेग जास्त असतो.

हे दुखणं जुनंच. १९४६ साली कॅनडात जॉन नॉसलरच्या गोळ्या चिखलानं माखलेल्या मूस या थोराड हरणाच्या अंगात खोल जाईनात, म्हणून त्यानं मधे तांब्याची भिंत असलेली पार्टिशन गोळी बनवली. पुढचा भाग फुलतो, मागचा आत घुसत राहतो. शिसं कवचाला घट्ट जोडलेली बॉन्डेड गोळीही चालते. आमची आवड विचाराल तर अख्ख्या तांब्याची. तिचं वजन जवळजवळ शाबूत राहतं आणि रश्श्यात शिशाचे कण येत नाहीत. कुडू शेवटी आपणच खातो! तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते; तेव्हा १८०ऐवजी १६५ ग्रेन घ्या.

बफेलोला पहिली गोळी भक्कम बांधणीची सॉफ्ट, मागच्या सॉलिड, म्हणजे न फुलता सरळ घुसणाऱ्या. कळपात मात्र सॉलिड नको. ती आरपार जाऊन पलीकडच्या जनावराला जखमी करते आणि मग दोन बफेलोंचा माग काढावा लागतो.

आफ्रिकेतल्या हरणांचं काळीज पुढे आणि खाली असतं. घरच्या सवयीनं फऱ्यामागे नेम धरू नका. पुढच्या पायाच्या रेषेत, अंगाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात धरा. म्हणजे हाड वाटेत येणार, आणि म्हणूनच गोळीचा एवढा आग्रह.

निघायच्या आदल्या आठवड्यात ब्रँड बदलू नका. प्रत्येक गोळी त्याच रायफलमधून वेगळ्या जागी बसते. विमानात काडतुसांना सहसा पाच किलोची मर्यादा असते, तेवढी पुष्कळ झाली. पहिल्या संध्याकाळी शंभर मीटरवर कागद लावतो, तिथे तीन बार काढायचेच. काडतुसांच्या खोक्यावरच्या लेबलचा फोटो महिनाभर आधी पाठवा. नको असेल तर स्पष्ट सांगू.